खाऱ्या पाण्याची नवी टाकी : समुद्र दारात असताना सायकल करावी लागते का?

खाडीकाठ (गुहागर) – धागाकर्ती

नमस्कार. घरात बऱ्याच काळापासून गोड्या पाण्याच्या टाक्या आहेत आणि आता खाऱ्या पाण्याची पहिली टाकी मांडायचे ठरवले आहे. तीन फूट लांब, दीड फूट रुंद व दीड फूट उंच अशी टाकी जोडून घेतली असून तीत काठोकाठ सुमारे १९० लिटर पाणी मावते. जागा पडवीलगतच्या खोलीत काढली आहे. तेथे दुपारचे ऊन थेट येत नाही. लोखंडी स्टँड खाऱ्या हवेत टिकत नाही, म्हणून गवंड्याकडून चिऱ्यांचा ओटा बांधून घेतला आणि पाणसळ लावून तो तपासलाही आहे.

आमच्या घरातून समुद्र पायी जाण्याच्या अंतरावर असल्यामुळे घरातल्या सर्वांचा एकच प्रश्न आहे, की समुद्राचे पाणी फुकट मिळत असताना समुद्री मिठाची बादली विकत कशाला आणायची? माझा प्रश्न त्यालाच जोडून आहे. समुद्राचे पाणी जिवंत असते आणि त्यात जीवाणू असतातच. मग ते भरल्यावर टाकी महिना-दीड महिना माशांविना चालवण्याची, म्हणजे सायकल करण्याची, गरज उरते का? ज्यांच्याकडून पंप घेतला ते म्हणाले, की समुद्राचे पाणी असेल तर आठवड्यात मासे सोडा. जाणकारांनी सविस्तर लिहावे.

कातळकडा (रत्नागिरी)

ताई, आधी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देतो, कारण पहिल्याचे उत्तर काहीही आले तरी ते बदलत नाही. सायकल पाण्याची होत नाही, टाकीतल्या पृष्ठभागांची होते. अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करणारे जीवाणू दगडावर, वाळूच्या कणांवर आणि फिल्टरमधल्या माध्यमावर पातळ थर धरून राहतात. मोकळ्या पाण्यात त्यांचे प्रमाण अत्यल्प असते. त्यामुळे समुद्रातून शंभर कॅन पाणी आणले तरी त्याबरोबर फार तर विरजणाचा एखादा थेंब येतो, दही घरीच लागावे लागते.

आता याला इतका वेळ का लागतो ते पाहू. पाणी नासवणारे सामान्य जीवाणू अनुकूल परिस्थितीत अर्ध्या तासात दुप्पट होतात, तर नायट्रोसोमोनास आणि नायट्रोस्पायरा या गटांतील जीवाणूंना दुप्पट होण्यासाठी अर्धा-एक दिवस किंवा त्याहून अधिक काळ लागतो. त्यातही दुसरा गट पहिल्याने तयार केलेल्या नायट्राइटवर जगत असल्यामुळे पहिला गट कामाला लागेपर्यंत त्याची वाढ सुरूच होत नाही. म्हणून साधारण चार ते सहा आठवडे धरून चालावे. गोड्या पाण्याच्या टाकीतला जुना स्पंज पिळून इकडे टाकण्याचा विचार आपल्या मनात येईल, परंतु क्षारता एकदम बदलल्यावर ते जीवाणू बहुतांशी कामाचे राहत नाहीत. चालू असलेल्या खाऱ्या टाकीतले माध्यम मिळाले तर गोष्ट वेगळी.

आठवड्यात मासे सोडण्याचा सल्ला खाऱ्या पाण्यात अधिक घातक का ठरतो, याचे कारण पीएच हे आहे. पाण्यातला एकूण अमोनिया दोन रूपांत असतो आणि त्यांपैकी मुक्त अमोनिया हे रूप कल्ल्यांना जाळते. पीएच ७ असताना त्याचा वाटा एक टक्क्याच्याही आत असतो, समुद्राच्या ८.२ पीएचला आणि आपल्याकडच्या उबदार पाण्यात तो त्याच्या दहापटीहून अधिक होतो. म्हणजे अमोनिया मोजण्याच्या किटमध्ये दिसणारा तोच हिरवा रंग गप्पींच्या टाकीत दुर्लक्ष करण्याजोगा असेल, पण इथे तो जीवघेणा असू शकतो.

नायट्राइटबाबत मात्र उलट आहे. खाऱ्या पाण्यातील क्लोराइडमुळे नायट्राइट कल्ल्यांतून आत शिरण्यास अडथळा होतो, त्यामुळे गोड्या पाण्यात जितका तो विषारी ठरतो तितका समुद्री माशांना ठरत नाही. तरीही तो दिसत असेल तर सायकल अर्धवट आहे, एवढा अर्थ त्यातून निघतोच.

मचवा (मालवण)

कातळकडा यांनी जीवाणूंचे लिहिले आहे, मी पाण्याचे लिहितो. समुद्राचे पाणी वापरता येते, पण कुठले आणि कधीचे, यावर सारे अवलंबून आहे.

गुहागर तालुक्याच्या उत्तरेला वाशिष्ठीचे मुख आणि दक्षिणेला जयगडची खाडी. या दोन्हींपासून दूर, मध्यावरचा खडकाळ भाग निवडावा आणि मासे उतरवण्याच्या जेटीजवळचे पाणी कधीही घेऊ नये, कारण तिथे डिझेलचा तवंग असतो. पाणी भरतीचेच घ्यावे. ओहोटीला खाडीतले गढूळ आणि कमी खारे पाणी बाहेर पडत असते. उधाणाच्या दिवसांत तळाचा गाळ ढवळला जातो, म्हणून अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास न जाता भांगाच्या, म्हणजे लहान भरतीच्या, दिवसांत, भरतीच्या शेवटच्या तासाभरात जाणे चांगले. कॅन खाद्यपदार्थांसाठीचा असावा आणि त्यात पूर्वी फिनेल वा तेल भरलेले नसावे. तांब्या-पितळेची घागर तर या कामाला अजिबात वापरू नये. अंशमात्र तांबेसुद्धा कोळंबी, गोगलगाय आणि समुद्रफूल यांना मारते.

हंगामाचे म्हणाल तर फेब्रुवारी ते मे हा काळ उत्तम. तेव्हा किनाऱ्यालगतही क्षारता हजारी ३५ भागांच्या आसपास असते, म्हणजे २५ अंशांना विशिष्ट घनता १.०२५ ते १.०२६ भरते. जून लागला की विषय मिटवावा. वर्षाचा अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस बहुतेक सगळा चार महिन्यांत पडतो आणि सह्याद्रीवरून तो थेट खाड्यांत येतो. पाऊस संपल्यावरही लगेच धावू नये, कारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पश्चिम किनाऱ्यावर तळाचे कमी प्राणवायूचे पाणी वर सरकलेले असते. हिवाळ्यात ज्या रात्री लाटा निळसर चमकतात, त्या दिवसांतही पाणी घेऊ नये. पर्यटक त्या लाटा पाहायला गर्दी करतात, पण ती चमक नॉक्टिल्युका या सूक्ष्मजीवाची असते, आणि त्याच्या पेशींत अमोनिया साठलेला असतो.

आणलेले पाणी चार पदरी सुती कापडातून गाळून, झाकण लावून, अंधारात दोन आठवडे ठेवावे. त्यातले प्लवक मरतात, कुजतात आणि गाळ तळाशी बसतो. वरचे स्वच्छ पाणी नळीने काढून घेऊन त्यात एक दिवस हवा सोडली, की ते वापरण्यास योग्य होते. घाई असेल तर कोळंबीच्या हॅचरीत करतात तसे क्लोरीन घालून नंतर हायपोने, म्हणजे सोडियम थायोसल्फेटने, उरलेले क्लोरीन मारता येते. परंतु क्लोरीन पूर्ण गेल्याची चाचणी करता येत नसेल तर त्या वाटेला जाऊ नये.

नवशिक्या_दापोली

मध्येच विचारतो, क्षमस्व. कृत्रिम मिठाची किंमत फार आहे आणि समुद्राचे पाणी वर डोंगरावर आमच्याकडे आणणे शक्य नाही. मिठागरातले खडे मीठ तरी समुद्राचेच असते, ते आरओच्या पाण्यात विरघळवले तर चालेल का?

कातळकडा (रत्नागिरी)

चालणार नाही. मिठागरात पाणी आटू लागले की आधी चुनखडी आणि जिप्सम खाली बसते, म्हणजे कॅल्शियमचा मोठा भाग तिथेच जातो. मग खाण्याचे मीठ स्फटिकरूपाने वेगळे होते आणि मॅग्नेशियम, पोटॅशियम ज्यात उरते ते कडू पाणी बाजूला काढले जाते. शिरोड्याच्या मिठागराला १९३० च्या सत्याग्रहामुळे इतिहासात मानाचे स्थान आहे. टाकीत मात्र त्या मिठाला स्थान नाही. समुद्राच्या एका लिटरमध्ये कॅल्शियम सुमारे ४१० मिलिग्रॅम आणि मॅग्नेशियम सुमारे १२९० मिलिग्रॅम असते, शिवाय पीएच सांभाळणारी अल्कलिनिटी असते. खड्या मिठाच्या पाण्यात यांपैकी फारसे काही उरत नाही.

रेवदंडा_अष्टागर

माझे मत मचवा यांच्यापेक्षा थोडे वेगळे आहे. पहिल्या टाकीसाठी कृत्रिम मीठच घ्यावे. त्यामागे शुद्धतेचा आग्रह नाही, कारण सोयीचे आहे : टाकी एकदा भरून भागत नाही, दर पंधरा दिवसांनी दहा-पंधरा टक्के पाणी बदलावे लागते, आणि ते ऐन जुलैतही बदलावे लागते. चार महिने पुरेल एवढे समुद्राचे पाणी साठवायला ज्यांच्याकडे जागा आहे त्यांनी जरूर साठवावे, नाहीतर पावसाळ्यात मिठाकडे वळावेच लागते. लिटरमागे साधारण ३५ ते ३८ ग्रॅम मीठ लागते. दगड-वाळूची जागा वजा करता आपल्या टाकीत १६० लिटर पाणी धरले तर पहिल्या भरणीला सहा किलोच्या आसपास. मीठ नेहमी पाण्यात घालावे, मिठावर पाणी ओतू नये. तसे केल्यास सुरुवातीच्या दाट द्रावणात चुना खाली बसतो आणि पाणी दुधाळ होते.

पाणी आरओचे घ्यावे, पण एक गोष्ट पाहावी. स्वयंपाकघरातल्या बहुतेक आरओ यंत्रांत चवीसाठी थोडे कच्चे पाणी परत मिसळणारा टीडीएसचा, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण ठरवणारा, स्क्रू असतो. तो पूर्ण बंद करून, मीटरवर आकडा पाहूनच पाणी भरावे. किनाऱ्यालगतच्या विहिरींना मे महिन्यात मचूळ पाणी येते, तेव्हा तर हे अधिकच आवश्यक.

मचवा (मालवण)

साठवणुकीबाबतचा आपला मुद्दा मान्य आहे. ज्यांना दोन-तीनशे लिटरची काळी टाकी मागच्या अंगणात ठेवता येईल त्यांनीच माझी पद्धत वापरावी.

खाडीकाठ (गुहागर) – धागाकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. घरातल्या वादाचा निकाल अर्धा माझ्या बाजूने आणि अर्धा सासऱ्यांच्या बाजूने लागला : पहिली भरणी समुद्राच्या पाण्याने, पुढे मीठ.

जीवाणू पृष्ठभागावर राहतात, तर मग दगड आणि वाळू कुठून घ्यावी? किनाऱ्यावर पांढरे, छिद्रे असलेले दगड वाहून आलेले कधीकधी दिसतात. आणि जांभा तर सगळीकडे आहे, त्यालाही भरपूर छिद्रे असतात.

मचवा (मालवण)

ते पांढरे दगड प्रवाळाचे असतील तर हात लावू नका. दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ आणि समुद्रपंखे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मेलेला, वाहून आलेला तुकडा बाळगणेही त्यात आले. समुद्रघोड्यांनाही तेच संरक्षण आहे. आमच्याकडे तर १९८७ पासून सागरी अभयारण्यच आहे, त्यामुळे त्याच्या हद्दीतल्या खडकांवरच्या कुंडांतून शंखातला खेकडासुद्धा उचलू नये.

जांभ्याबद्दल सांगायचे तर त्यात लोह आणि ॲल्युमिनियमची संयुगे भरलेली असतात, तो पाण्यात झिजतो आणि गाळ सोडतो. आपला ओटा त्याचा आहे, तेवढे पुरे. सिरॅमिकचे किंवा खाऱ्या टाक्यांसाठी बनवलेले कोरडे कृत्रिम दगड घ्यावेत. ते महाग वाटल्यास पांढरे सिमेंट आणि तिसऱ्यांची ठेचलेली कवचे यांचे ओबडधोबड गोळे घरी करता येतात; फक्त त्यांतला चुना उतरून पाण्याचा पीएच खाली येईपर्यंत ते कित्येक आठवडे गोड्या पाण्यात भिजवून, पाणी बदलत ठेवावे लागतात.

कातळकडा (रत्नागिरी)

वाळूबाबत आमच्या गावचे उदाहरण पुरेसे आहे. मांडवीच्या काळ्या समुद्राची वाळू इल्मेनाइटसारख्या लोहयुक्त खनिजांमुळे काळी दिसते आणि जोरकस चुंबक फिरवला की तिचे कण त्याला चिकटतात. तशी वाळू पंपाच्या चुंबकात अडकते. शिवाय किनाऱ्यावरून वाळू काढण्यावर सीआरझेडची, म्हणजे किनारी क्षेत्राच्या नियमांची, बंधने आहेत. विकतची अ‍ॅरागोनाइट वाळू घ्यावी आणि घेताना तिच्यावर व्हिनेगरचे चार थेंब टाकावेत : फसफसली तर ती कॅल्शियम कार्बोनेटची, नाही फसफसली तर सिलिकाची. सिलिकाची वाळूही चालते, पण पीएच सांभाळायला तिचा उपयोग नाही.

आता प्रत्यक्ष सायकल. दगड, वाळू, पाणी आणि पंप लागले, क्षारता स्थिर झाली, की अमोनिया घालायचा. पुष्कळजण कोळंबीचा तुकडा कापडात बांधून टाकतात. त्याने काम होते, पण अमोनिया किती येईल याचा अंदाज नसतो आणि खोलीला वास लागतो. अमोनियम क्लोराइड, म्हणजे नवसागर, हा अधिक स्वच्छ मार्ग आहे. मात्र कल्हईवाल्याकडचा नवसागर घेऊ नये, त्यात कोणते धातू मिसळले आहेत ते कळत नाही. प्रयोगशाळेच्या दर्जाचा घ्यावा. लिटरला २ मिलिग्रॅम अमोनिया हवा असेल तर १०० लिटरला सुमारे ०.६३ ग्रॅम, आपल्या १६० लिटरला साधारण १ ग्रॅम. चार-पाचपट घातल्याने काम लवकर होत नाही, उलट जीवाणूच दबतात.

पहिल्या काही दिवसांत किटवर फक्त अमोनिया दिसेल. मग तो उतरू लागेल आणि नायट्राइट चढेल, आणि नायट्राइटचा गडद जांभळा रंग इतका काळ हटणार नाही की काहीतरी बिघडले असे वाटेल. बिघडलेले काही नसते. त्या काळात नायट्रेट मोजण्यात अर्थ नाही, कारण नायट्रेटचे किट आधी नायट्रेटचे नायट्राइट करून मगच रंग दाखवते. पाण्यात मुळातच नायट्राइट असेल तर आकडा फुगतो. अमोनिया शून्यावर आला की पुन्हा अर्धी मात्रा द्यावी. शेवटची परीक्षा अशी, की पूर्ण मात्रा दिल्यावर चोवीस तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य झाले पाहिजेत. त्यानंतर निम्मे पाणी बदलून साठलेले नायट्रेट कमी करावे.

या प्रक्रियेत अल्कलिनिटी खर्च होते : एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबाने सात ग्रॅमहून थोडी अधिक. पीएच घसरताना दिसल्यास हे कारण असू शकते. दिवे बंदच ठेवावेत. या जीवाणूंना प्रकाशाची गरज नसते, शेवाळाला असते.

रेवदंडा_अष्टागर

पुस्तकी सल्ल्यांत आपल्या हवेचा विचार नसतो, म्हणून दोन गोष्टी जोडतो.

एक म्हणजे उष्णता. टाकी २४ ते २७ अंशांत राहावी असे म्हणतात. एप्रिल-मे आणि ऑक्टोबरमध्ये आपल्या खोल्याच ३२-३३ अंशांवर असतात. सायकल चालू असताना २८-३० अंश बाधत नाहीत, जीवाणू उबेत बरेच वाढतात, पण माशांच्या वेळी प्रश्न येतो, कारण पाणी जितके गरम तितका त्यात प्राणवायू कमी मावतो. पृष्ठभागावर वारा सोडणारे छोटे पंखे स्वस्त पडतात, परंतु हवेत आधीच ओलावा असेल तर बाष्पीभवन मंदावते आणि पंखा नुसताच फिरत राहतो. पंखे चालतात तेव्हा रोज पाणी घटते. ते भरताना नेहमी आरओचे गोडे पाणीच घालावे, कारण वाफ होताना मीठ मागेच राहते. चिलर, म्हणजे पाणी थंड करणारे यंत्र, घेणे परवडत असेल तर तो खोलीबाहेर गरम हवा टाकेल अशी सोय करावी.

दुसरी गोष्ट वीज. पावसात झाड पडून तार तुटली की रात्रभर वीज येत नाही. एक मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजन रूपांतरित करायला जीवाणूंना सुमारे साडेचार मिलिग्रॅम प्राणवायू लागतो, म्हणजे फिल्टर बंद पडल्यावर आधी तेच गुदमरतात. बंद डब्याचा फिल्टर काही तास थांबला असेल तर तो तसाच चालू न करता आतले पाणी ओतून मगच चालू करावा. इन्व्हर्टरवर निदान पाणी हलवणारा पंप ठेवावा आणि बॅटरीवरचा एक एअर पंप हाताशी असावा. अर्थिंग तपासून ईएलसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, बसवून घ्यावा आणि प्रत्येक वायर प्लगच्या खाली झोका देऊन वर न्यावी, म्हणजे ओघळणारे थेंब प्लगमध्ये शिरत नाहीत.

खाडीकाठ (गुहागर) – धागाकर्ती

शेवटची शंका. आता पाणी भरले तर सायकल पावसाच्या तोंडावर पूर्ण होईल. पावसाळ्यात मुंबईहून मासे मागवायचा माझा विचार नाही, आणि गणपतीत घर माणसांनी भरलेले असते. मासे त्यानंतरच येतील. तोपर्यंत तयार झालेली टाकी रिकामी राहिली तर केलेले सगळे वाया जाईल का? आणि पहिला मासा कोणता?

कातळकडा (रत्नागिरी)

वाया जाणार नाही, पण जीवाणूंना खाणे मिळत राहिले पाहिजे. दर दोन-तीन दिवसांनी नवसागराची पाव मात्रा द्यावी आणि आठवड्यातून एकदा क्षारता पाहावी. दगडांवर तपकिरी थर येईल. तो डायटम या सूक्ष्म शेवाळाचा असतो, नव्या टाकीत येतोच आणि बहुधा आपोआप ओसरतो, त्याच्यामागे औषधे घेऊन लागू नये. मासे सोडण्याच्या आदल्या आठवड्यात पुन्हा एकदा पूर्ण मात्रेची चोवीस तासांची परीक्षा घ्यावी.

पहिला मासा म्हणून क्लाऊनफिशची जोडी घ्यावी, तीही हॅचरीत जन्मलेली. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्यांच्या प्रजननाचे तंत्र बसवल्यामुळे समुद्रातून पकडलेली जोडी घेण्याचे कारण उरलेले नाही. डॅमसेल जातीचे मासे काटक असतात म्हणून दुकानदार ते सुचवतात. पण ते टाकीवर हक्क सांगतात आणि पुढच्या प्रत्येक माशाला छळतात. जोडी आल्यावर जीवाणूंची संख्या वाढत्या भाराला पोहोचायला वेळ द्यावा आणि पुढचा मासा निदान महिनाभरानेच आणावा. पहिले दोन आठवडे दिवसाआड अमोनिया मोजावा, आणि तो दिसला तर खाणे थांबवून पाणी बदलावे.